हल्ला चुकीचा होता, मग हरला कोण?

बुद्धिबळातल्या जुन्या आक्रमक डावांचा विषय निघाला की हल्ली वाद दोन वाक्यांत आटोपतो. एक बाजू म्हणते, इंजिन, म्हणजे चाली मोजणारा संगणक-प्रोग्राम, लावून बघा; तो बळी, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम दिलेलं मोहरं, साफ चुकीचा होता, समोरच्याने नीट बचाव केला असता तर हल्लेखोरच हरला असता, तेव्हा असले डाव इतिहासात जमा करा आणि मुलांना शिकवणं थांबवा. दुसरी बाजू म्हणते, तुम्हाला सौंदर्य कळत नाही. एकीकडे आकडा, दुसरीकडे उमाळा. आणि डाव खेळला कसा जातो याचा दोघांनाही विसर पडलेला. मी बरीच वर्षं स्पर्धा खेळलो, आता शिकवतो, आणि या वादात मला दोन्ही बाजूंचा वैताग येतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: इंजिन देतं तो चालीचा निकाल, आणि तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण हल्ल्याचं मोल ठरवायचं तर त्याने समोरच्यापुढे किती अवघड प्रश्न टाकला, आणि तो समोरचा किती ताकदीचा होता, हे बघावं लागतं. कोण किती वरचढ हे दाखवणाऱ्या इंजिनाच्या पडद्यावरच्या पट्टीत यातलं काहीही दिसत नाही.

आधी माझ्याच, म्हणजे हल्ल्याच्या, बाजूच्या लोकांना दोन शब्द. वजीर दिला की डाव अजरामर, अशी एक भाबडी समजूत आपल्यात रुजलेली आहे. कच्च्या खेळाडूसमोर काहीही खपतं. हत्ती द्या, वजीर द्या, समोरचा गांगरतो आणि मात होते. अँडरसनचा किझेरित्स्कीविरुद्धचा १८५१ सालचा लंडनमधला डाव घ्या. उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर देऊन उरलेल्या हलक्या मोहऱ्यांनी केलेली ती मात आजही पाहताना हात थांबतो. किझेरित्स्की काही लेचापेचा नव्हता. पण तो डाव स्पर्धेतला नव्हता, फावल्या वेळातला होता. डावावर कुणाचं काही अवलंबून नव्हतं. अठराव्या चालीला अँडरसनपाशी याहून चांगल्या चाली होत्या, हे सांगायला इंजिनाचीही गरज नाही. असल्या डावांवर भक्तिभावाने माना डोलावणारे आम्ही लोकच समोरच्यांच्या हातात कोलीत देतो.

आता इंजिनवाल्यांचा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो नेमका माझ्या सर्वांत आवडत्या डावातला आहे. १९६० ची जगज्जेतेपदाची लढत, मॉस्को, सहावा डाव. पांढऱ्या मोहऱ्या जगज्जेत्या बोत्विनिककडे, काळ्या त्याला आव्हान देणाऱ्या तेवीस वर्षांच्या मिखाइल तालकडे. एकविसाव्या चालीला तालने घोडा एफ४ या घरावर आणून ठेवला, सरळ प्याद्याच्या तोंडी. प्रेक्षागृहात इतकी कुजबुज वाढली की डाव रंगमंचावरून आतल्या खोलीत हलवावा लागला. बोत्विनिकने घोडा खाल्ला आणि पुढे डाव हरला. नंतर विश्लेषकांनी शोधून काढलं की बचाव होता. आजचं इंजिन ते क्षणात दाखवतं. हे मला मान्य आहे, बिनशर्त. कोणी म्हणेल, मग राहिलं काय? राहिलं ते हे, की तो बचाव नेमका कुठे होता आणि कसा होता, ते बघू या.

चोविसाव्या चालीनंतरचा पट डोळ्यांसमोर आणा. काळ्याचं प्यादं एफ३ वर येऊन ई२ वरच्या पांढऱ्या वजिरावर चालून गेलंय. काळ्याचा स्वतःचा वजीर बी२ वर पांढऱ्या हत्तीच्या माऱ्यात उभा आहे. काळ्याचा उंट एफ५ वरून त्याच हत्तीवर नेम धरून बसलाय. दोन्ही वजीर एकाच वेळी तोंडात, आणि चाल पांढऱ्याची. बोत्विनिकने हत्तीने वजीर घेतला. मी घेतला असता, तुम्ही घेतला असता, हजारात नऊशे नव्व्याण्णव जणांनी घेतला असता. बरोबर चाल होती ती आधी उंटाने ते प्यादं मारण्याची. म्हणजे काळ्याचा वजीर तूर्त सोडायचा, बी१ वरचा हत्ती मारू द्यायचा, आणि दोन चालींनी काळा वजीर सी२ वर आला की तोच उंट ई४ वर, काळ्या हत्तीच्या थेट तोंडी नेऊन ठेवायचा. मग पांढरा वरचढ. यातली गंमत बघा: ज्या चालीने तालचा बळी 'चुकीचा' ठरतो, ती चाल स्वतःच एक बळी आहे. म्हणजे वाचायचं असेल तर बोत्विनिकला तालसारखं खेळायला हवं होतं, आणि बोत्विनिकचं सारं बुद्धिबळ अशा धुमश्चक्रीपासून चार हात लांब राहून उभं राहिलेलं होतं.

शिवाय तालपुढे पर्याय काय होते? घोडा निमूटपणे मागे न्यायचा. मग पांढरा सावकाश मोहरी सावरून घेणार, वर आलेल्या काळ्या वजिराला आणि हत्तींना हुसकावणार, आणि बोत्विनिक ज्यात जगात कुणाला हार जात नव्हता त्या प्रकारचा संथ, पद्धतशीर डाव सुरू होणार. बाकीच्या चाली वाईटच होत्या, त्यामुळे घोड्याचा बळी बरोबर की चूक यावर वाद घालण्यात अर्थ नाही, अशा आशयाचं तालने नंतर म्हटलं होतं. लोक हे त्याचं मिश्कीलपण समजतात. मला तो काटेकोर हिशेब वाटतो. जिथे समोरचा निश्चित सरस आहे त्या रस्त्याने हळूहळू हरण्यापेक्षा, जिथे दोघांनाही नीट दिसत नाही पण आपल्याला जरा जास्त दिसतं, त्या रस्त्याला डाव वळवायचा. यात बेफिकिरी कुठे आली?

यावर उत्तर ठरलेलं असतं: मग ही फसवणूकच झाली, समोरचा चुकला म्हणून जिंकलात. पण बुद्धिबळात समोरचा चुकल्याशिवाय जिंकलंय कोण आणि कधी? सुरुवातीची स्थिती जवळपास समसमान आहे, निर्दोष खेळाविरुद्ध बरोबरीच होणार, असंच सगळ्यांचं मत आहे. एंडगेममध्ये, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, साठ चाली दाबून धरून समोरच्याला थकवणं हे कौशल्य, आणि एका चालीत त्याच्यापुढे दहा फाटे उभे करणं ही मात्र लबाडी? ग्रँडमास्टर श्पीलमानने १९३५ मध्येच बळींचे दोन प्रकार सांगून ठेवलेत: ज्याचा परतावा शेवटपर्यंत मोजता येतो तो नावापुरता बळी, आणि ज्याचा मोजता येत नाही तो खरा. इंजिनाच्या दृष्टीने दुसरा प्रकार उरतच नाही, कारण त्याला सगळंच मोजता येतं. पटावर बसलेल्या माणसासाठी तो उरतो, कारण घड्याळ चालू असतं.

आणि अचूकता हीच कसोटी धरली तर ती कुठे नेते ते बघा. पॅरिसच्या ऑपेरात १८५८ साली मॉर्फीने ब्रन्सविकच्या ड्यूकला आणि काउंट इझुआरला सतरा चालींत मात दिली. शेवटी वजीर देऊन हत्तीने मात. प्रत्येक शिक्षक हा डाव दाखवतो, मीही दाखवतो. इंजिनाला त्यात मॉर्फीची फारशी चूक सापडत नाही. पण समोर कोण होतं? दोन हौशी उमराव, आपसांत सल्लामसलत करून खेळणारे. म्हणजे पट्टीच्या न्यायाने हौशी लोकांविरुद्धचा तो डाव श्रेष्ठ, आणि विद्यमान जगज्जेत्याला, जगज्जेतेपदाच्या लढतीत, काळ्या मोहऱ्यांनी उलथवणारा तालचा डाव सदोष म्हणून खालचा. ज्या मापाने असा निकाल लागतो ते माप कशाचं आहे, एवढं तरी स्वतःला विचारावं. सोपे प्रश्न सुबक अक्षरात सोडवलेल्या उत्तरपत्रिकेला पहिला नंबर देण्यासारखं झालं हे.

पण बचावकर्त्यांच्या बाजूने याहून वजनदार मुद्दा आहे, आणि तो इंजिनाच्या कितीतरी आधीचा आहे. तो असा की हल्लेखोर एखादा डाव जिंकतात, लढत हरतात. अँडरसन १८५८ च्या डिसेंबरमध्ये मॉर्फीकडून सात विरुद्ध दोन असा हरला, दोन डाव बरोबरीत. आठ वर्षांनी, पुढे पहिला जगज्जेता ठरलेल्या स्टाइनित्झने त्याला आठ-सहा हरवलं. मार्शलसारखा कल्पक हल्लेखोर अमेरिकेने क्वचित पाहिला असेल. १९०७ मध्ये तेव्हाचा जगज्जेता लास्कर याच्यासमोर तो पंधरा डावांत एकही जिंकू शकला नाही, आठ हरला. दोन वर्षांनी, पुढे जगज्जेता झालेल्या कापाब्लांकाने त्याला आठ-एक लोळवलं. यातून स्टाइनित्झने काढलेला धडा मी माझ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो: हल्ल्याचा हक्क स्थितीतून मिळतो, इच्छेतून नाही. वरचढ असाल तर हल्ला केलाच पाहिजे, नसाल तर करू नये. हे खरं आहे आणि बुद्धिबळाच्या इतिहासात एवढा उपयोगी दुसरा विचार मला माहीत नाही. कसलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे निव्वळ जोश टिकत नाही, हे ज्याला मान्य नाही त्याने वरच्या गटात एक स्पर्धा खेळून यावी.

मात्र या हारींमधून नेमकं काय सिद्ध होतं? १९१८ चा न्यूयॉर्कचा डाव घ्या. मार्शलने कापाब्लांकावर रुय लोपेझ या प्रकारच्या सुरुवातीत एक नवा हल्ला सोडला, आठव्या चालीला प्यादं डी५ वर सारून. कापाब्लांकाने ते स्वीकारलं, पटावर बसल्या बसल्या, कुठलीही तयारी नसताना, एकेक वार परतवला आणि डाव जिंकला. बचावाचा याहून सरस नमुना मला सांगता येणार नाही. आजच्या भाषेत तो हल्ला त्याच दिवशी 'खोडून' निघाला. मग पुढे काय झालं? शंभर वर्षं उलटली, आणि मार्शल हल्ला काळ्याचं एक अत्यंत भरवशाचं अस्त्र होऊन बसलाय. बडेबडे ग्रँडमास्टर पांढऱ्या मोहऱ्या घेऊन आठव्या चालीला एच३ किंवा ए४ खेळून त्याला वळसा घालतात. कास्पारोव्हसारखा माणूसही वळसाच घालायचा. एक डाव हरलेला हल्ला खोटा असतो, हे म्हणणं मार्शलच्या बाबतीत तरी उभं राहत नाही. हरला तो मार्शल, आणि हरवलं ते कापाब्लांकाने. तोच बचाव दुसऱ्या कुणाला त्या दिवशी सापडला असता का?

तालच्या बाबतीतही असंच. १९६० मध्ये तो साडेबारा विरुद्ध साडेआठने जिंकला, १९६१ च्या परतीच्या लढतीत तेरा विरुद्ध आठने हरला. टीकाकारांना एवढं पुरतं: बघा, जादू एक वर्ष टिकली. तालची तब्येत तेव्हा बरी नव्हती हे खरं, पण त्या सबबीमागे मी लपणार नाही. बोत्विनिक जिंकला कारण त्याने वर्षभर तालचा अभ्यास केला. आणि त्या अभ्यासातून त्याने काढलं काय? बंदिस्त स्थिती, लवकर वजिराबदली, मग एंडगेम. म्हणजे तालचे बळी पटावर कसे खोडायचे यापेक्षा तशी वेळच येऊ द्यायची नाही, हा त्याने काढलेला निष्कर्ष. जगातला सर्वांत शास्त्रशुद्ध खेळाडू वर्षभर घरी विश्लेषण करून ठरवतो की त्या जंगलात पाऊल टाकायचं नाही. त्या जंगलाची याहून मोठी पावती कोण देणार? आणि 'एक वर्षाची जादू' म्हणणाऱ्यांसाठी: ताल सोव्हिएत संघाचा सहा वेळा विजेता होता, आणि १९७३-७४ मध्ये तो सलग ९५ डाव हरला नाही. त्यातले ४६ जिंकला.

मग आपल्याहून बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर करायचं काय? इथे माझा स्टाइनित्झशी थोडा मतभेद आहे. शांत, समतोल स्थितीत ताकदीतला फरक थेंबाथेंबाने साठत जातो. चाळीस चालींत बलवान खेळाडूला तो वसूल करायला भरपूर संधी मिळतात. गुंतागुंतीत तोच फरक एका चालीवर येऊन ठेपतो, आणि एका चालीला कुणीही चुकू शकतं. दुबळ्याने गुंतागुंत शोधणं हा त्याचा साधा व्यवहार आहे. राशिद नेझमेत्दिनोव्हचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. तो कधीही ग्रँडमास्टर झाला नाही. रशियन प्रजासत्ताकाचं विजेतेपद पाचदा मिळवूनही एक पायरी खालचा आंतरराष्ट्रीय मास्टरच राहिला. पण तालशी त्याचा हिशेब तीन विजय, एक हार असा आहे. तालशी! १९५८ मध्ये सोचीला त्याने पोलुगायेव्हस्कीविरुद्ध वजीर मारात सोडून पांढरा राजा भर पटात ओढून काढला. राजा डी४ वर आला तेव्हा कोणीही शह देत सुटला असता. नेझमेत्दिनोव्हने काय केलं? उंट जी७ वर नेऊन ठेवला. वजीर गेलेला, आणि ही शांत चाल. पोलुगायेव्हस्की म्हणजे पुढे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, उमेदवारांच्या लढतींत खेळलेला माणूस. त्याला बाहेर पडायला वाट सापडली नाही. नेझमेत्दिनोव्हने असं खेळण्याची किंमतही मोजली. जो बरोबरीत समाधान मानत नाही तो अर्धा अर्धा गुण गोळा करू शकत नाही, आणि किताब त्या अर्ध्या गुणांनी मिळतात. ते मी झाकणार नाही. पण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळवलेल्या ग्रँडमास्टरांचे डाव आज कोण लावून बघतं?

राहिला इंजिनाचा अधिकार. तो मी मानतो, मात्र तो किती वेळा बदललाय तेही लक्षात ठेवतो. एके काळी इंजिनाला मोहऱ्यांच्या मोजणीपलीकडचं फारसं दिसायचं नाही, त्यामुळे प्रत्येक दीर्घकालीन बळी त्याच्या लेखी घोडचूक असायचा. मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये अल्फाझीरो या नव्या धर्तीच्या इंजिनाचे डाव बाहेर आले. शंभर डावांत त्याने स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनाच्या तेव्हाच्या आवृत्तीला २८ वेळा हरवलं, एकदाही न हरता. त्या सामन्याच्या अटींवर आक्षेप घेतले गेले, ते घ्यावेत. पण ते डाव पाहून आम्ही शिक्षक मंडळी थक्क झालो ते वेगळ्या कारणाने: प्यादी द्यायची, तात्काळ परतावा न मागता समोरची मोहरी कोंडून धरायची, आणि वीस-वीस चाली वाट बघायची. ज्या खेळाला आम्ही 'रोमँटिक' म्हणून मागे टाकलं होतं त्यातला बराच भाग यंत्राने परत आणून दिला. आणि माणसांनीही यंत्राच्या मदतीने हल्ले सोडले नाहीत, उलट धारदार केले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेत आनंदने आरोनियनला काळ्या मोहऱ्यांनी तेवीस चालींत गुंडाळलं. रेटिंगमध्ये आरोनियन तेव्हा आनंदच्या पुढे होता. त्यातली काही तयारी घरची, आधीच्या वर्षीच्या गेलफंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी केलेली. दोन उंट राजाच्या किल्ल्यावर रोखलेले, मधोमध घोडा सोडून दिलेला. रुबिनस्टाइनचा रॉटलेवीविरुद्धचा १९०७ चा डाव ज्याने पाहिलाय त्याला ओळख पटतेच. इंजिन आलं म्हणून आक्रमण संपलं, हे म्हणणाऱ्यांनी हा डाव जरूर बघावा.

त्याच वाइक आन झीचा १९९९ चा कास्पारोव्ह-टोपालोव्ह डाव हा या वादातला माझ्या मते सर्वांत कळीचा दाखला. कास्पारोव्हने चोविसाव्या चालीला डी४ वर हत्ती दिला. टोपालोव्हने तो घ्यायला नको होता. राजा बी६ वर नेला असता तर पांढऱ्याला काही मिळालं नसतं. पण त्याने घेतला, आणि काळा राजा पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला गेला. टोपालोव्ह कच्चा होता म्हणून हे घडलं नाही. तो पुढे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा (फिडे) विश्वविजेता झाला. त्याने हत्ती घेतला कारण भिऊन माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि पुढचं सगळं मोजणं त्या वेळी पटावर बसलेल्या कुणालाही जवळपास अशक्य होतं. अशा डावात निम्मं श्रेय हरणाऱ्याचं असतं, हे आपल्याला शिकवलंच जात नाही. बलवान प्रतिस्पर्धी नसता तर तो हल्ला तितका खोल गेलाच नसता. तो आधीच संपला असता.

शिकवण्याचा आक्षेप मात्र टाळता येत नाही, कारण मुलं अनुकरण करतात. तालचा घोडा बघून आलेला बारा वर्षांचा मुलगा पुढच्या स्पर्धेत तीन डावांत तीन घोडे देतो आणि तिन्ही हरतो, हे मी पाहिलंय. उपाय म्हणून ते डाव दडवायचे नाहीत, त्यांचा क्रम बदलायचा. मी पहिल्यांदा १९१८ चा डाव लावतो, कापाब्लांकाच्या बाजूने, म्हणजे हल्ला परतवायची सवय लागते. मग स्टाइनित्झ. मग मुलांच्या जोड्या लावून १९६० च्या सहाव्या डावातली बाविसाव्या चालीची स्थिती मांडतो, घोडा एफ४ वर, पट्टी बंद, घड्याळं चालू, आणि निम्म्या मुलांना पांढऱ्याकडून बसवतो. इंजिन चालू होतं ते सगळं खेळून झाल्यावर. तेव्हा 'ताल चुकला का?' असं सहसा कोणी विचारत नाही. विचारतात ते 'बोत्विनिकला उंटाची चाल कशी दिसली नाही?' असं, आणि पांढऱ्याकडून बसलेली मुलं एकमेकांकडे बघतात, कारण त्यांनीही वजीरच खाल्लेला असतो.